काय घातलं, काय सोडलं

"काल सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय घातलं, ते सांगा. थुंकून टाकलं असंल तरी सांगा."

देशमुख मॅडमचा हा प्रश्न ऐकला की पेशंट नातेवाइकांकडे बघायचा आणि नातेवाईक छताकडे. मॅडम स्टूल ओढून कॉटशेजारी बसलेल्या असायच्या. सुती साडीवर पांढरा ॲप्रन, त्याची मधली बटणं कायमची तुटलेली, आणि चेहऱ्यावर घाईचं नाव नाही. छत्रपती संभाजीनगरात, क्रांती चौकाच्या अलीकडे असलेल्या आमच्या हॉस्पिटलात त्या औषध विभागाच्या प्रमुख होत्या. प्रमुखाने केबिनमध्ये बसायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. पेशंटला घरी सोडायच्या आधी त्या वॉर्डात जायच्या आणि त्याच्या गोळ्या घरी गेल्यावर एकमेकींशी, जेवणाशी किंवा बाटलीशी भांडणार नाहीत ना, याची खात्री करून घ्यायच्या. "मी सोयरिकी जुळवते," असं म्हणायच्या. "फरक एवढाच, की माझी सोयरीक फिसकटली तर माणूस जातो."

मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. एरवी त्या मला 'कुलकर्णी' म्हणायच्या आणि चिडल्या की 'कुलकर्णीबाई'. त्यामुळे 'बाई' ऐकू आलं की मी हातातलं काम ठेवून आधी आपलं काय चुकलं ते शोधायला लागायचे.

'तोंडात काय घातलं' हे शब्द त्यांनी उगाच निवडले नव्हते. औषधं कोणती चालू आहेत असं विचारलं, तर आपली माणसं फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेली सांगतात. वैद्याचं चूर्ण, शेजारणीने दिलेली गुडघ्याची गोळी, सासूबाईंचा काढा, मिश्री, तंबाखू यांतलं काहीच त्यांच्या लेखी औषध नसतं. दारूची तर गोष्टच सोडा. पण तोंडात काय गेलं ते प्रत्येकाला आठवतं. त्यातही मॅडम आधी घरच्या माणसांना कटवायच्या. "तुम्ही जरा खाली जाऊन चहा घेऊन या बरं," असं सुनेला किंवा बायकोला सांगायच्या. ती जिन्यापर्यंत पोचली की आवाज खाली आणून म्हणायच्या, "हां, आता बोला."

एक प्रश्न मात्र त्यांनी आमच्या हॉस्पिटलात बंदच करून टाकला होता. झालं असं, की नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी फर्दापूरकडच्या एका आजोबांना विचारलं, "आजोबा, घेता का?" आजोबा ताठ बसून म्हणाले, "व्हय तर! सकाळ-संध्याकाळ, न चुकता. सून सोताच्या हातानं देती." डॉक्टरांनी कागदावर अट्टल पिणारा असं लिहून टाकलं आणि त्या हिशेबाने गोळ्याही बदलल्या. आजोबा बिचारे बीपीच्या गोळीबद्दल बोलत होते. मॅडमनी डॉक्टरांना कॅन्टीनमध्ये गाठलं, त्यांच्या हातातला वडा खाली ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "आपल्याकडं दारू पण घेतात आन् गोळी पण घेतात. ह्या शब्दावर भरवसा ठेवू नका." त्या दिवसापासून 'घेता का' हा प्रश्न वॉर्डात कुणी विचारला नाही.

आणि हीच बाई रोज दुपारी डबा उघडण्याआधी भावाला फोन लावून विचारायची, "घेतली का रे?"

भाऊ धाकटा. त्याचं नाव विलास. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन त्याच्या हृदयाची झडप खराब झाली होती, आणि पुढे ऑपरेशन करून तिथे धातूची झडप बसवली होती. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव. मधली वाट अरुंद असते आणि दर महिन्याला रक्त तपासून ती सांभाळावी लागते. बहीण या विषयातली एवढी जाणकार, त्यामुळे हे सगळं निभलं असतं. पण विलास प्यायचा. वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपली की रोज. मॅडमनी लग्न केलं नव्हतं, आईवडील कधीच गेले होते आणि पैठणजवळचं शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं होतं. त्यांचं म्हणावं असं माणूस म्हणजे हा विलास आणि त्याची बायको संगीता. विलास आपल्या डोळ्यांदेखत जाणार ही भीती त्यांनी कधी लपवली नाही.

"घेतली का रे?" विचारलं की तिकडून उत्तर यायचं, "गोळी घेतली ताई. ती नाय घेतली." मॅडम फोन ठेवायच्या आणि डब्यातली भाकरी मोडता मोडता म्हणायच्या, "खोटं बोलतोय. आवाजावरून कळतं मला."

मी एकदा धीर करून म्हटलं, "मग त्यालाही विचारा ना, काल उठल्यापासून काय काय घातलं ते."

"पेशंटला विचारतात तसं? भाऊ हाय तो माझा."

वॉर्डात मात्र त्यांना फसवणं कठीण होतं. एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे यायचे. धोतर, टोपी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. झोपेसाठी त्यांना डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि ते सारखे पडायचे. डोकं तपासून झालं, कान तपासून झाले, काही सापडेना. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि बऱ्याच वेळाने कळलं, की गुरुजी अशक्तपणा जावा म्हणून दोन्ही वेळा वाटी भरून द्राक्षासव घेतात. वैद्याने सांगितले होते दोन चमचे, पण ते गोड लागायचं. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, आसव आंबवून करतात. त्यात दारू आपोआप तयार होते. थोडीच असती, पण वाटीभर आसव आन् वर झोपेची गोळी म्हटल्यावर माणूस आडवा होणारच." गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. आपण कित्येक महिने दारू पीत होतो, हे त्यांना सहन होईना. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते घरी जाईपर्यंत तसंच. पुन्हा कधी आले नाहीत. मला थोडं हसू आलं होतं. मॅडमना अजिबात आलं नाही. "असं तोडून सांगायला नको होतं गं," एवढंच म्हणाल्या.

रमजानमध्ये तर त्यांचं वेळापत्रकच बदलायचं. साखरेच्या गोळ्या सहेरीला कोणत्या, इफ्तारनंतर कोणत्या, हे त्या एकेकाला बसवून समजावायच्या. एका चाचींनी त्यांना विचारलं होतं, "बाजी, तुम भी रोजा रखते क्या? सब मालूम है तुमकू." मॅडम म्हणाल्या, "मैं नहीं रखती चाची, मेरे मरीज रखते." माणूस कसा जगतो ते माहीत नसेल तर त्याच्या गोळीला हात लावू नये, असं त्यांचं मत होतं, आणि त्या मतापायी त्यांनी बऱ्याच डॉक्टरांशी वाकडं घेतलं होतं.

एक पोरगा मात्र त्यांच्या हातून गेला. म्हणजे त्या तसं मानायच्या. टीबीची औषधं चालू असलेला, नुकतं लग्न झालेला तरुण मुलगा. ती औषधं लिव्हरवर जड असतात, वर दारू पडली तर लिव्हर कामातून जातं. मॅडमनी त्याच्या बापाला चहा आणायला पाठवून पाहिलं, पण बाप हलेना. "माझ्या पोराला इचारायचं ते माझ्यासमोर इचारा," म्हणाला. मॅडमनी बापासमोर विचारलं. पोरगा म्हणाला, "नाय मॅडम, शिवत पण नाय." पुढे तो आला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झालेले होते, आणि तो परत गेला नाही.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "मी विचारलं कुलकर्णी, पण बापासमोर विचारलं. ते काय विचारणं झालं? रक्ताच्या माणसासमोर कुणी खरं सांगत नाय." हे त्यांना इतकं स्वच्छ कळत होतं. तरी थोड्या वेळाने त्यांनी विलासला फोन लावला आणि तेच विचारलं, जे रोज विचारायच्या.

मग एका आषाढात चमत्कार झाला. मी तरी त्याला चमत्कारच म्हटलं. विलासने दारू सोडली. आदल्या महिन्यात तो कारखान्याच्या गेटवर पडला होता, नोकरी जायची वेळ आली होती आणि संगीताने माहेरी जायची पिशवी भरली होती. आषाढी एकादशीला त्याने देवासमोर हात जोडून सोडली आणि खरोखरच पुन्हा धरली नाही. मॅडमचा फोन आता लांबायला लागला. "घेतली का रे?" "नाय ताई." आणि त्या फोन ठेवून माझ्याकडे बघायच्या. "खरं बोलतोय गं," म्हणायच्या. आवाज ओला व्हायचा. कधी नव्हे ते त्यांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. ॲप्रनला बटणं लावून घेतली. रक्त तपासणीची तारीख आली तेव्हा विलास म्हणाला, "ताई, सुट्टी मिळंना, गणपतीच्या आधी येतो." त्यावर मॅडम म्हणाल्या, "ये निवांत." तपासणीच्या बाबतीत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तेव्हा मला त्याचं बरंच वाटलं. माणसाने कधी तरी निवांत म्हणावं.

राखीपौर्णिमेला त्या सिडकोत भावाकडे जेवून आल्या. दुसऱ्या दिवशी सांगत होत्या, "संगीताचा चेहरा किती उजळलाय माहितीय? आन् हा लेकाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, भांग पाडून बसलेला. ओवाळताना मी हळूच त्याच्या तोंडाचा वास घेतला. काही नाही. नुसता विडा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, विलास कारखान्यात डोकं धरून खाली बसला आणि आडवा झाला. त्याला आमच्याकडेच आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी खाली पोचले तेव्हा मॅडम आपत्कालीन विभागाच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता. रक्त इतकं पातळ झालेलं, की तो आकडा त्यांनी दुसऱ्या कुणाचा म्हणून परत तपासायला लावला होता. पुन्हा तोच आला. आत डॉक्टर शर्थ करत होते. डॉक्टरांनी शर्टाची बाही कापली तेव्हा दंडावर हा एवढा काळानिळा डाग दिसला.

"हा कधीचा?" मॅडमनी संगीताला विचारलं.

"झाले की पंधरा-वीस दिवस. नुसता दाराला दंड लागला व्हता. दात घासताना बी रक्त यायचं, ते म्हणले उष्णता हाय. ताईला सांगू नको म्हणले. आधी पिऊन पडायचे तेव्हा असेच डाग पडायचे ना, ताईला वाटंल परत सुरू केली."

मॅडम खाली बाकड्यावर बसल्या. संगीताला शेजारी बसवलं. आणि मग, भाऊ आत तसा पडलेला असताना, त्यांनी तो प्रश्न विचारला. पहिल्यांदाच घरच्या माणसाला विचारला. "संगीता, काल उठल्यापासून त्यानं तोंडात काय काय घातलं, सांग."

संगीताने रडत रडत सांगितलं. चहा, पोहे, दोडक्याची भाजी, वरण, भाकरी, रात्री दुधी.

"नवी गोळी? काढा? वैद्याचं काही?"

"काही नाय ताई."

"मेथी, पालक, चुका?"

"ते कुठलं? आषाढीपासून घरात पालेभाजी शिजली नाही. मी बोलले व्हते देवीला, ह्यांची सुटू दे, चातुर्मासभर पालेभाजीला शिवणार नाही. घरानंच पाळलं. आन् ताई, तुम्हीच सांगितलं व्हतं ना ऑपरेशनच्या वेळी, पालेभाजी जपून खायला द्या म्हणून? मी म्हणलं नेम बी होईल आन् पथ्य बी होईल."

मला यातलं जेवढं कळतं तेवढं सांगते. पालेभाजी रक्त गोठायला मदत करते. म्हणून ही गोळी घेणाऱ्याने ती रोज साधारण सारखीच खायची असते, एकदम वाढवायची नाही आणि एकदम तोडायचीही नाही. मॅडमच्या तोंडी 'जपून'चा अर्थ हा होता. संगीताने ऐकलेल्या 'जपून'चा अर्थ होता, जितकी कमी तितकी बरी. आपल्याकडे दुसरा अर्थ आहे तरी कुठे? शिवाय रोज पिणाऱ्याचं लिव्हर ही गोळी भराभर संपवतं, म्हणून विलासला डोस जास्त लागायचा. त्याचा डोस एका पिणाऱ्या, मेथी खाणाऱ्या माणसाच्या मापाचा होता. माणूस सुधारला. दारू गेली, मेथी गेली, डोस तोच राहिला. तो पीत राहिला असता तर कदाचित पोळा बघितला असता.

मॅडमना हे सगळं त्या बाकड्यावर, संगीताचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. संगीताचं डोकं खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिल्या. संध्याकाळी विलास गेला.

"असं कसं झालं ताई? सगळं तर सोडलं होतं," संगीता विचारत होती.

"झडप होती ना गं. व्हायचंच होतं ते," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर त्या कामावर आल्या, पण पहिल्या मॅडम आल्या नाहीत. एके दिवशी औषधांच्या खोलीत खोकी लावता लावता आपणहून म्हणाल्या, "राखीला माझ्याच ताटात पालेभाजी नव्हती. दुधी होता, कोशिंबीर होती. मी दोनदा भात घेतला. सगळ्या गावाची ताटं बघते आन् स्वतःचं दिसलं नाही. मी त्याच्या तोंडाचा वास घेत बसले." हातातलं खोकं फळीवर सरकवलं. "तोंडात काय घातलं म्हणून विचारते. जे घातलंच नाही ते कोण सांगणार?"

वॉर्डात त्या आता आणखी एक प्रश्न विचारायला लागल्या, "काय सोडलंय?" उपास, नेम, नवस, रागाने सोडलेलं, देवासाठी सोडलेलं. पण विचारताना त्यांचं लक्ष पेशंटकडे नसायचं. नातेवाइकांना चहाला पाठवायचंही त्या विसरायच्या. आम्ही सगळे त्यांना सांभाळून घेत होतो आणि ते त्यांना कळत होतं, हे मला जास्त लागायचं.

संगीताला खरं सांगायला हवं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं, सांगितलं असतं तर मॅडमचं ओझं अर्धं झालं असतं. लगेच दुसरं मन म्हणतं, झालं असतं, पण ते अर्धं कुणाच्या डोक्यावर गेलं असतं? मी एकदा विषय काढला, तर मॅडम म्हणाल्या, "कुलकर्णीबाई, गप बसा."

वर्षश्राद्धाला त्या मला म्हणाल्या, "चल माझ्यासंगं." तेव्हा त्यांचा राजीनामा देऊन झाला होता आणि पैठणला जायचं ठरलं होतं. मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. सिडकोतलं ते छोटं घर, भिंतीवर विलासचा फोटो, भांग पाडलेला. विधी झाले, पानं मांडली. मॅडम, मी आणि त्यांची एक म्हातारी मावशी शेजारी शेजारी बसलो. संगीता वाढत होती. मावशीने पानाकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, विलासला मेथी लई आवडायची. आज तरी करायची व्हती."

संगीता वाढता वाढता थांबली. "मावशी, मी मेथी त्यांच्या नावानं सोडली. सगळी पालेभाजीच सोडली, जन्माची. ह्या घरात आता शिजायची नाही." डोळ्याला पदर लावला. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "लोक काय काय बोलतात ताई. बायकोनं नीट बघितलं नाही म्हणतात. पण मला एका गोष्टीचं समाधान हाय. तुम्ही सांगितलेलं पथ्य मी शेवटपर्यंत पाळलं. त्यात कसूर केली नाही. त्याच्यावरच जगते मी."

मॅडमकडे बघायची हिंमत होईना, तरी बघितलं. त्या मान खाली घालून भात कालवत होत्या. वाटलं, आता बोलतील. आता सगळं बाहेर पडेल.

"नाही केलीस कसूर," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "इतकी वर्षं पेशंट बघितले मी. तुझ्याइतकं पथ्य कुणी पाळलं नाही गं."

संगीताच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगू शकत नाही. तिने पटकन वाकून त्यांच्या पानात दुधीची भाजी वाढली. मॅडमनी ती सगळी संपवली.